देवासाठी कोरं ठेवलेलं पान

पान भरलेलं होतं. मी पुन्हा पाह्यलं, तरी भरलेलंच. पांढरकवड्याच्या झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरवर, आमच्या पोडाचं, म्हणजे आमच्या वस्तीचं, रजिस्टर उघडं पडलं होतं, आन त्याचं पह्यलं पान, जे मी माह्या हातानं कोरं सोडलं होतं, ते वरून खालपर्यंत निळ्या अक्षरानं भरलेलं. पोरगी काखेत, तिच्या अंगात ताप, मनगटाले औषधाची पिशवी.

रजिस्टर आमचंच होतं. लाल कापडाची पाठ, आन कोपरा पोरीनं चावलेला. तिले दात येऊन राह्यले होते, जे हाती लागन ते चावे. मी तिच्या जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स काढाले गेलती, अंगणवाडीत द्याचा होता. दुकानदार मशीनीत कागद भरत होता, त्याचं ध्यान नव्हतं. मी वाचाले लागली. मले भरभर वाचता येत नाही. आश्रमशाळेत आठवीपर्यंत होती, मंग लग्न झालं, अक्षरं सुटत गेले. तरी बोट ठेवून ठेवून वाचलं. ‘सर्वानुमते’ हा शब्द तीनदा वाचला तवा उमगला. आमी सगळ्याइनं मिळून, खुशीनं, पोडाखालची मोहाची जागा क्लबच्या कंपनीले द्याचं ठरवलं, कोणाचीच हरकत नाही, असं लिवलं होतं. मी पान उलटवलं. मागच्या पानावर माह्या अक्षरात सगळ्याइचे नावं, आन नावापुढं अंगठे.

हे आमी ठरवलंच नव्हतं. अजून ठरलंच नव्हतं काही.

"ओ बाई, ते साहेबाचं हाये," दुकानदार मान वर करून म्हणे. "ते चहा प्याले गेले, आता येतीन."

"आमचं हाये," मी म्हणली, आन उचललं. चोरी केली का आपलंच घेतलं, हे तवा मले ठाव नव्हतं, आताबी नक्की ठाव नाही. साहेब समोरच्या टपरीवर पाठ करून उभा होता. मी रजिस्टर पदराखाली घातलं आन पळाली. पोरीच्या पायातला एक बूट पडला, मी तो उचलालेबी वाकली नाही. काळीपिवळी भरत होती, तिच्यात घुसली. डायवर हसून म्हणे, "कायले धावता बाई, तुमी बसल्याबिगर थोडीच हालन हे!" खरंच, अजून तीन शिटा भराच्या होत्या. मी तशीच बसून राह्यली, आन गाडी काही निघेना.

तो साहेब सरकारी नव्हता. कंपनीचा माणूस. आमच्या पोडात ज्याच्या पॅन्टीले इस्त्री असते तो साहेब. आमी कोलाम. घरात कोलामी बोलतो, बाहेरचं कोणी आलं की मराठी. हायवेपासून आत, टेकडीच्या अंगावर आमचे अठ्ठावीस घरं, मधात चावडी, आन खाली मोहाचे झाडं. हायवेवर एक पत्त्याचा क्लब हाये, लायसनचा. तेलंगणातून मोठमोठ्या गाड्या येतात, तिकडं बंद हाये म्हणे असं खेळणं. माह्या पोरीचे बाबा तिथं गाड्या लावाचं काम करत. पांढरा शर्ट, गळ्यात शिटी. घरी आले की पोरीले शिटी वाजवून दाखवत, ती हसली की पुन्हा वाजवत, आत्याबाई, म्हणजे माही सासू, आतून वरडे, "अरे, घरात कोणती गाडी लावून राह्यला तू?" पण त्या शर्टात ते मले लय बरे दिसत. मी तो शर्ट दगडावर आपटत नव्हती, हातानंच चोळे.

मंग बोलणं आलं की सरकार आता मोठ्या जुगाराले परवानगी देणार हाये, गोव्यात हाये तसं. खरं का खोटं कोणाले ठाव, पण कंपनीले आधीच जागा धरून ठेवाची होती. पत्त्याचा क्लब वाढवून मोठं हॉटेल, आत चक्र, मशिनी. त्याले आमची मोहाची सपाट जागा पाह्यजे होती. ती आदिवासीची जागा, ग्रामसभेच्या मंजुरीबिगर भेटत नाही. म्हणून साहेब चावडीत येऊन बसू लागला.

खोटं कायले सांगू, तो माणूस मले आवडला होता. माह्या पोरीले बिस्किट आणे. मामाजीले, म्हणजे माह्या सासऱ्याले, ते पोडाचे नाईक, वाकून राम राम करे. चावडीत सतरंजी टाकली की आधी म्हाताऱ्याइले बसवे. आन पोडातल्या बुढ्याइले तं त्याची मजाच वाटे.

"चक्र फिरते, त्याच्यात गोटी पडते," साहेब हात गरगर फिरवून दाखवे. "जिथं थांबली, तो नंबर जिंकला."

महाजन म्हणून एक बुढा हाये आमच्यात, मामाजीच्या बरोबरीचा. त्यानं इचारलं, "गोटी कोण फेकते?"

"कंपनीचा माणूस."

"चक्र कोणाचं?"

"कंपनीचं."

"मंग आपलं काय असते तिथं?"

"आपण खेळायचं."

महाजनानं मान डोलावली. मंग म्हणे, "कोंबडबाजारात झुंजणारा कोंबडा तरी आपला असते, बावा."

सगळी चावडी हसली. साहेबबी हसला. महाजनाची बुढी मागून म्हणे, "आन जिंकला तं समोरच्याचा कोंबडा भेटते, घरी रस्सा होते. चक्र जिंकून काय शिजवाचं?"

"पैसे मिळतात ना आजी."

"ते घरी कधी येत नाहीत. माह्या बुढ्याले इचार."

"मले कायले मधात घेतं व?" महाजन म्हणे.

असे तीन दिवस बसणं झालं. पोट्टे म्हणत, द्या, कामं भेटतीन. माह्या घरचेबी, पोरीचे बाबा, तसंच म्हणत. साहेब त्याइले म्हणे, आतमध्ये घेऊ तुले, एसीत, गाड्या लावाले नाही. बाया म्हणत, मोह कुठं येचाचा मंग? कोणी म्हणे, देवाची जागा झाडाखाली हाये, तिच्यावर मशिनी ठेवतीन काय? मले इचारसान तं मी दोन्हीकडं होती. साहेबानं सांगतलं होतं, बायाइले सैपाकघरात काम देऊ, वर पंखा राहीन. मी दुपारी चुलीपुढं बसून त्या पंख्याचा इचार करे. आन सकाळी टोपली घेऊन झाडाखाली गेली की वाटे, नोको बाप्पा.

आमच्यात एका दमात ठरत नाही. चावडीत घरागणिक माणूस बोलते. जोवर एकबी घर गप्प हाये तोवर काहीच ठरलं नाही. तीन बसण्यात अर्धे घरं बोलले होते. बाकीचे इचार करत होते. साहेबाले वाटलं, जे गप्प हायेत ते हो म्हणून राह्यले. का त्याले सगळं ठाव होतं, आन तरी त्याले काहीच वाटलं नाही. ते मले अजून उमगलं नाही.

तिसऱ्या बसण्यात त्यानं नवंकोरं रजिस्टर काढलं. म्हणे, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. कोण कोण आलं ते लिहून घ्या, समोर अंगठा. फक्त हजेरी. वर दाखवायला लागते." बचत गटाची वही मीच लिवतो, म्हणून मलेच पुढं केलं. गटाचं शाईचं पॅडबी माह्याजवळच. मी रजिस्टर उघडलं, पह्यलं पान सोडलं आन दुसऱ्यापासून नावं लिवाले लागली.

"पहिलं पान कोरं का ठेवलं?" साहेबानं इचारलं.

"ते देवाचं," मी म्हणली.

आमच्याकडं तसंच हाये. मोह पडाले लागला की पह्यली टोपली झाडाखालीच ठेवतो, घरी आणत नाही. नव्या ज्वारीची पह्यली मूठ, नव्या मडक्यातलं पह्यलं पाणी, सगळं आधी त्याचं. बचत गटाची वही आली तवा मामाजी म्हणाले होते, वहीचंबी तसंच करा. तवापासून आमच्या कोणत्याच वहीचं पह्यलं पान कोणी लिवत नाही. बँकेतली मॅडम एकदा कावली होती, कागद वाया घालवता म्हणून.

साहेब कावला नाही. तो हसला, आन म्हणे, "ठेवा, ठेवा. देवाचं काढू नका." मले इतकं बरं वाटलं तवा. घरी येऊन आत्याबाईले सांगतलंबी, माणूस देवाले मानते म्हणून. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सले पाह्यजे म्हणून तो रजिस्टर घेऊन गेला, आन ते मीच त्याच्या हाती देलं. तवा पोरीनं कोपरा चावून ठेवलेला पाहून तो म्हणे, "ही पण सही करून राहिली वाटते!"

गाडी फाट्यावर थांबली तवा ऊन तापलं होतं. पोरीले पदरात झाकलं, आन चढ चढली. आत्याबाई अंगणात मोहफुलं वाळत टाकत होती. मले पाहून म्हणे, "पोरीचा एक बूट कुठं गेला व?"

मी तिथंच रडाले लागली.

"अवो, बुटासाठी कोणी रडते काय?"

मामाजी आतून आले. मी रजिस्टर त्याइच्या पुढं ठेवलं, त्याइले वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवलं. दम लागून लागून. त्याइनं ते रजिस्टर मांडीवर घेतलं. मंग पानावरून हात फिरवला, जसं लेकराच्या पाठीवरून फिरवते, आन म्हणाले, "मीच सांगतलं होतं ना, सोडत जा म्हणून."

"सोडलं तं मी, मामाजी. त्याच्या हाती मीच देलं."

"नाईक मी हाओ. चूक माही."

"लिवणारी मी."

आत्याबाई फुलं टाकता टाकता म्हणे, "चुकीची वाटणी मंग करा दोघं. आधी चुलीत टाका ते कागद."

मामाजीनं मान हलवली. "देवाचं पान हाये. जाळत नसते, फाडतबी नसते. घाण करणाऱ्यानं घाण केली म्हणून ते त्याचं झालं काय?"

आन तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. पुढं माह्या पोरीचे बाबा, पांढऱ्या शर्टात, आन मागं साहेब. दुकानदारानं सांगतलं असन, लेकरू काखेत घेतलेली बाई म्हणून. साहेब उतरला, घाम पुसला, आवाज काही चढवला नाही. "वहिनी, एवढं काय घाबरायचं? मला विचारलं असतं तर मीच दाखवलं असतं. द्या ते इकडे."

माह्या घरचे माह्याकडं पाहून राह्यले होते. त्याइले काहीच ठाव नव्हतं, त्याइच्या तोंडावरूनच समजे. "काय झालं व?" ते म्हणाले. मी पान पुढं केलं. त्याइनं उभ्याउभ्या वाचलं. ते दहावीपर्यंत शिकले, एका दमात वाचतात. वाचून झाल्यावर त्याइनं गळ्यातली शिटी शर्टाच्या आत टाकली, कायले कोण जाणे.

"नुसता मसुदा आहे हा," साहेब म्हणे. "पुढच्या बैठकीत वाचूनच दाखवणार होतो." मंग माह्याजवळ येऊन, हळूच, "यांचं आतलं काम पक्कं झालंय. या महिन्यापासून. तुम्ही फक्त म्हणा की चावडीत सगळ्यांनी सांगितलं तसं लिहिलं गेलं. कोणाचं नुकसान आहे यात?"

मी काही बोलायच्या आधी आत्याबाई फुलाची टोपली घेऊन चावडीकडं चालली होती, आन चालता चालता सगळ्याइले हाका मारत होती. कोलामीतून काय म्हणत होती ते साहेबाले समजलं नाही हे बरं झालं.

सगळे जमले. दुपारची येळ, पोडात होते तेवढे सगळेच. जे शेतावर होते त्याइले बलावून आणलं. मामाजीनं मले उभं केलं आन वाचाले लावलं. पोरगी कडेवर कुरकुर करत होती, एका बाईनं घेतली तिले. मी वाचलं, अडकत अडकत. ‘सर्वानुमते’ आलं तवा कोणी इचारलं, म्हणजे काय, मी सांगतलं, सगळ्याइच्या मतानं. चावडीत एकदम गलका झाला. "म्या तं बोललोच नाही अजून!" "माह्या घराचं बोलणं बाकी हाये!" "अंगठा तं हजेरीचा होता ना?" पोट्टे, जे द्या द्या म्हणत होते, तेबी चिडले. एक जण म्हणे, "मले जागा द्याचीच हाये, पण मी म्हणीन तवा. हा कोण माह्या तोंडात हो घालणारा?"

मी सांगून टाकलं, पान मी कोरं ठेवलं होतं, आन रजिस्टर मीच देलं. मामाजी म्हणाले, मी सांगतलं होतं. कोणी आमाले काही बोललं नाही. महाजनाची बुढी तेवढी उठली, माह्यापुढं आली, अंगठा दाखवून म्हणे, "माहा अंगठा मले वापस पाह्यजे."

"तो कसा वापस येईन आजी? शाईचा हाये."

तिनं त्या पानाकडं पाह्यलं. "मंग दे पॅड. त्याच्या बोलण्यावर लावतो."

मी घरून पॅड आणलं. तिनं अंगठा माखला आन त्या निळ्या अक्षरावर दाबला. ‘सर्वानुमते’ वर दाबला का नाही तिले काय ठाव, तिले वाचता येत नाही, पण बरोबर तिथंच पडला. मंग महाजन आला. मंग सगळे उठले. रांग लागली. ज्याले सही येते त्याइनंबी अंगठाच लावला. अक्षरं झाकत गेले. एक म्हणे, "माह्यासाठी जागा ठेवा रे," तं दुसरा म्हणे, "दुसऱ्याच्या अंगठ्यावर लाव, तो काही भाडं मागत नाही." इतका राग, आन तरी हसत होते लोक. माहे पोडातले लोक असेच हायेत, मले तवा त्याइच्यावर इतकी माया आली की सांगता येत नाही.

साहेबाचा आवाज मंग बदलला. "हे कागद खराब करणं आहे. तक्रार होईल. आत अक्षर कोणाचं आहे? वहिनींचं. घेऊन पळालं कोण? दुकानदार सांगेल. नाव त्यांचंच येईल, तुमचं नाही." आन माह्या घरच्यांकडं वळून म्हणे, "आणि तू? तू पण लावणार का? विचार करून लाव."

सगळ्याइचे अंगठे झाले होते. आमचं एकच घर बाकी. मामाजीनं लावला नव्हता. ते म्हणाले, "पुढं पोराइले राह्याचं हाये इथं, मले नाही. आमच्या घराचा अंगठा पोरगा लावन." आमच्यात घरागणिक एक तरी पाह्यजे. आमच्या घराचा अंगठा नसता तं ते ठरलंच नसतं. आन घर नाइकाचं.

पोरीचे बाबा माह्यापुढं येऊन उभे राह्यले. शर्टाले घाम, आत शिटी उठून दिसत होती. मले ठाव होतं त्याइच्या डोक्यात काय हाये. त्याइले तो एसीतला पांढरा शर्ट पाह्यजे होता, आन त्याइले पोडबी पाह्यजे होतं. हळूच म्हणाले, फक्त मले ऐकू जाईन असं, "तू सांग. लावू?"

पोलिसाचं भ्याव मले तं लागलंच होतं. तक्रार झाली तं माही, पोरीले कोण पाह्यन. त्याइचं काम गेलं तं घरात काय. आन नाही लावला तं पोडात आमीच ते घर, ज्याचा हो राह्यला. मी काहीच बोलली नाही. मी नुसतं पॅड त्याइच्यापुढं धरलं. उघडं.

त्याइनं अंगठा माखला.

त्याइचं काम त्याच संध्याकाळी गेलं. साहेब तसाच खाली पायी उतरला, त्याले कोणी गाडीवर सोडलं नाही. तक्रार अजून तरी आली नाही. पण फाट्यावर जीप थांबली की माहा जीव अजून वर येते. रजिस्टर मामाजीनं घरात वर बांधून ठेवलं. क्लबचं बोलणं मिटलं नाही. दुसरा माणूस येऊन गेला, त्यानं चावडीत बसून सांगतलं की पह्यल्यापासून बोलू. आमचे लोक म्हणाले, बोलू. कोण जाणे, उद्या पोड हो बी म्हणन. पण ते आमचं म्हणणं राहीन.

माह्या पोरीचे बाबा आता वणीकडं कोळशाच्या गाडीवर हायेत, आठ आठ दिवसांनी येतात. शर्ट काळे, कितीबी चोळा. आले की पोरीले मांडीवर घेतात, माह्यावर कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीचं काही काढलंबी नाही. तेच मले खाते. त्याइनं मले इचारलं होतं, आन मी उत्तर देलं नाही, पॅड धरलं. तोंडानं नाही म्हणली असती तं ते थांबले असते, इतकं मले ठाव हाये. हो म्हणली असती तं निदान माहं बोलणं झालं असतं. मी दोन्ही केलं नाही.

तुमी असते त्या जागी, कडेवरची पोरगी दुसऱ्याजवळ, हातात शाईचं पॅड, आन समोर तुमचा माणूस इचारून राह्यला, लावू का म्हणून, तं तुमी काय केलं असतं?